ख्रिस्ती सॉफ्ट रॉक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या मंडळीच्या क्वायरमध्ये मी बरीच वर्षं कीबोर्ड वाजवतो. शनिवारचा सराव आटोपला की फोनला स्पीकर जोडून एखादं जुनं गाणं लावायची माझी सवय आहे. मग प्रश्न सुरू होतात, आणि बहुतेक वेळा तेच ते असतात. म्हणून एकदा नीट बसून उत्तरं लिहून काढली. ती मुख्यतः १९७० ते १९९० या काळातल्या अमेरिकी गाण्यांबद्दल आहेत, कारण हा प्रकार तिथेच जन्मला आणि तिथेच बहरला.

ख्रिस्ती सॉफ्ट रॉक म्हणजे नेमकं काय?

सूर, साज आणि ठेका सत्तरच्या दशकात अमेरिकेच्या रेडिओवर वाजणाऱ्या सॉफ्ट रॉकचा. शब्द मात्र प्रार्थनेचे, साक्षीचे, कधी थेट स्तोत्रसंहितेतले. इलेक्ट्रिक पियानो, गोलसर बेस, अंगावर न येणारे ड्रम्स, आणि मागे तीन-चार आवाजांची एकावर एक रचलेली साथ. गाणारा ओरडत नाही, उपदेश करायलाही उभा राहत नाही. शेजारच्या खुर्चीवर बसून मनातलं सांगावं तसा गातो.

सीसीएम, एओआर, यॉट रॉक ही सगळी याचीच नावं का?

थोडीफार. सीसीएम म्हणजे काँटेम्पररी ख्रिश्चन म्युझिक. याच नावाचं मासिक १९७८ मध्ये निघालं आणि नाव रूढ झालं. पण सीसीएममध्ये सगळंच येतं, अगदी हेवी मेटलसुद्धा. एओआर, म्हणजे ॲडल्ट-ओरिएंटेड रॉक, हा शब्द जपानमधले रेकॉर्ड जमवणारे लोक 'मोठ्या माणसांचं रॉक' या अर्थाने वापरतात. ख्रिस्ती सॉफ्ट रॉकच्या जुन्या एलपी तिथे फार प्रेमाने जपल्या गेल्या आहेत. 'यॉट रॉक' हे नाव खूप नंतरचं, २००५ सालच्या एका इंटरनेट मालिकेतून आलेलं. १९७८ मध्ये कुणी स्वतःच्या गाण्याला असं म्हणत नव्हतं. मी आपला सॉफ्ट रॉक म्हणतो.

मग गॉस्पेल वेगळं का?

हो, मूळ वेगळं. गॉस्पेल कृष्णवर्णीय मंडळ्यांमध्ये वाढलं. हॅमंड ऑर्गन, टाळ्या, गायक आणि समूह यांची प्रश्नोत्तरं, चढत जाणारा आवाज ही त्याची ओळख. सॉफ्ट रॉक बहुतांशी कॅलिफोर्नियातल्या गोऱ्या तरुणांकडून आलं. पण या दोघांच्या मध्ये एक माणूस उभा आहे आणि त्याच्याशिवाय ही गोष्ट सांगताच येत नाही. तो म्हणजे आंद्रे क्राऊच (१९४२–२०१५).

सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या क्राऊचने 'डिसायपल्स' या आपल्या ताफ्यासह गॉस्पेलमध्ये रॉक, जॅझ, लॅटिन ठेके असं सगळं आणलं, आणि त्याच्या श्रोत्यांमध्ये काळे-गोरे एकत्र बसू लागले. 'टेक मी बॅक' (१९७५) ऐका. एकाच रेकॉर्डवर मंडळीतला उभा राहून गाणारा समूह आहे आणि पुढच्या गाण्यात अगदी मखमली, रात्री ऐकण्याजोगा पियानो आहे. ड्रम्सवर आणि निर्मितीत त्याच्याबरोबर बिल मॅक्सवेल होता. हे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे. पुढे मायकल जॅक्सनच्या 'मॅन इन द मिरर'मध्ये जो समूह गातो, तो क्राऊचचाच.

सुरुवात कुठे आणि कशी झाली?

साठच्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात हिप्पी तरुणांमध्ये 'जीझस मूव्हमेंट' पसरली. लांब केस, अनवाणी पाय, गळ्यात गिटार, आणि हातात नवा करार. बहुतेक चर्चना ही मुलं नकोशी होती. कोस्टा मेसा इथल्या कॅल्व्हरी चॅपलचे पाळक चक स्मिथ यांनी त्यांना आत घेतलं आणि गिटारसकट घेतलं. १९७१ मध्ये तिथूनच 'मारानाथा म्युझिक' सुरू झालं. 'लव्ह साँग' नावाच्या बँडची पहिली रेकॉर्ड १९७२ ची. त्यातले आवाज इतके एकजीव आहेत की पुढच्या दहा वर्षांचं सॉफ्ट रॉक त्यात आधीच ऐकू येतं. या बँडचा चक जिरार्ड त्याआधी 'हाँडेल्स'च्या मोटरसायकलवरच्या हिट गाण्यात मुख्य गायक होता. म्हणजे रेडिओवर चालणारं गाणं कसं बांधतात हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

त्याआधी १९६९ मध्ये लॅरी नॉर्मनची 'अपॉन धिस रॉक' आली होती, पण नॉर्मनची धार वेगळी. तो टोचणारा गायक होता. मऊपणा 'लव्ह साँग'ने आणला.

जून १९७२ मध्ये डॅलसला 'एक्स्प्लो ७२' हा मोठा मेळावा भरला. प्रसिद्ध अमेरिकी धर्मप्रचारक बिली ग्रॅहम यांचं प्रवचन आणि जॉनी कॅश, लॅरी नॉर्मन, 'लव्ह साँग' यांची गाणी एकाच ठिकाणी झाली. गिटार आणि ड्रम्स उपासनेत चालतात का, या वादाला तिथून उतार लागला.

हा मऊ आवाज तयार कसा होतो?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न, म्हणून उत्तर लांब आहे.

पहिली गोष्ट म्हणजे फेंडर रोड्स पियानो. यात तारा नसतात. पट्टी दाबली की छोटी हातोडी धातूच्या बारीक काडीवर आपटते आणि तिचा कंप गिटारसारख्या पिकअपमधून बाहेर येतो. म्हणून त्याचा स्वर घंटेसारखा सुरू होतो आणि दुधासारखा पसरतो. याच्या मागची हकीकत मला फार भावते. दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांना अंथरुणावर पडून वाजवता यावं म्हणून हॅरॉल्ड रोड्स यांनी विमानाच्या भंगारातल्या ॲल्युमिनियमच्या नळ्यांपासून एक चिमुकला पियानो बनवला. पुढचा इलेक्ट्रिक पियानो त्याच वाटेने आला. आजाऱ्याच्या उशाशी जन्मलेलं वाद्य आहे ते, आणि मला ते ऐकू येतं.

दुसरी गोष्ट कॉर्डची. घरी पेटी असेल तर करून बघा. पांढरी एकचा सा धरा. नुसतं सा-ग-प दाबलं तर गाणं घरी पोचल्यासारखं वाटतं. आता त्यात शुद्ध नी मिळवा : सा-ग-प-नी एकदम. घरीच आहोत, पण खिडकी उघडी आहे आणि बाहेर कुणाची तरी वाट पाहतो आहोत, असा तो स्वर होतो. हे झालं मेजर सेव्हन्थ. आता डाव्या हाताने खालचा प धरा आणि उजव्या हाताने म-ध-सां. ही या संगीताची खूणगाठ. पंचमावर उभं राहिलं की कान म्हणतो, आता सा येणार. पण वर मध्यम बसलेला असल्यामुळे ती घाई निघून जाते. साध्या पंचमाच्या कॉर्डमध्ये जो नी सा कडे ढकलत असतो, तो इथे नाहीच.

आमच्या क्वायरमध्ये दहावीतली एक मुलगी आहे. ती पेटी शास्त्रीय पद्धतीने शिकते. तिला एका शनिवारी हे दाखवलं. तिने भाता सोडून दिला, स्वर हळूहळू विरू दिला आणि म्हणाली, "दादा, हे 'आमेन'च्या आधी थांबल्यासारखं वाटतंय." मी इतकी वर्षं वाजवतोय, मला हे सुचलं नव्हतं. पुढच्या रविवारी शेवटच्या गीताला आम्ही ती कॉर्ड घेतली. प वर चार मात्रा थांबलो, मग सा. मागच्या बाकावरच्या आजींनी डोळे उघडले नाहीत, पण पुस्तकावर ठेवलेला त्यांचा हात उचलला गेला.

तिसरी गोष्ट म्हणजे आवाजांची रचना. एकच गायक तीच ओळ दोनदा-तीनदा गातो आणि ते सगळं एकत्र वाजतं. प्रत्येक वेळी केसभर फरक पडतो, त्यामुळे आवाजाला साय येते. ठेका बहुधा चालत्या माणसाच्या पावलाइतका. पळायचं नाही आणि रेंगाळायचंही नाही.

हे सगळं वाजवत कोण होतं?

लॉस एंजेलिसमधले अव्वल स्टुडिओ-वादक. हे संगीत म्हणजे हौशी भक्तांची कामचलाऊ गाणी असा समज आहे, तो याच ठिकाणी खोडून काढायला हवा.

मायकल ओमार्शियन यांचं उदाहरण घ्या. स्टीली डॅन या अमेरिकी बँडच्या 'रिकी डोंट लूज दॅट नंबर'मधला पियानो त्यांचा. 'एजा' या त्याच बँडच्या १९७७ च्या रेकॉर्डवरही ओमार्शियन आहेत. क्रिस्टोफर क्रॉसची पहिली रेकॉर्ड त्यांनी निर्माण केली, ज्यात 'सेलिंग' आहे. १९८१ मध्ये त्या रेकॉर्डला पाच ग्रॅमी मिळाली. त्यांत वर्षातली रेकॉर्ड, गाणं, अल्बम आणि नवा कलाकार हे चारही मोठे सन्मान एकाच रात्री आले, आणि असं त्याआधी कधी झालं नव्हतं. पुढे एकोणचाळीस वर्षांनी, २०२० मध्ये, बिली आयलिशने त्याची बरोबरी केली. आज ज्याला यॉट रॉक म्हणतात, त्याचा हा मानबिंदू. आणि याच ओमार्शियननी १९७४ मध्ये 'व्हाइट हॉर्स' आणि १९७७ मध्ये 'ॲडम अगेन' या स्वतःच्या विश्वासाच्या रेकॉर्डी काढल्या होत्या. तीच बोटं, तोच पियानो. पत्नी स्टॉर्मी ओमार्शियन त्यांच्याबरोबर लिहायच्या, गायच्या. प्रार्थनेवरच्या पुस्तकांमुळे त्या पुढे जगभर पोचल्या.

दुसरं नाव 'कोइनोनिया'. हा ग्रीक शब्द नव्या करारातला आहे. अर्थ सहभागिता, संगत. मेक्सिकोचे बेसवादक अब्राहम लाबोरिएल, पेरूचे ॲलेक्स अकुन्या (हे 'वेदर रिपोर्ट' या जॅझ बँडमध्ये होते), कोलंबियाचे सॅक्सोफोनवादक हुस्तो अल्मारिओ, गिटारवर हॅडली हॉकेन्स्मिथ आणि ड्रम्सवर तोच बिल मॅक्सवेल. दिवसभर दुसऱ्यांच्या रेकॉर्डिंगला वाजवायचं आणि आपल्या आनंदासाठी एकत्र जमायचं असा हा मेळ.

'सीविंड' हा हवाईचा बँडही यात घ्यायलाच हवा. पॉलीन विल्सनचा आवाज म्हणजे पहाटेचं ऊन. त्यांचा ब्रासचा विभाग जेरी हे यांच्याकडे होता. मायकल जॅक्सन आणि क्विन्सी जोन्स यांच्या रेकॉर्डींवर जे झगझगीत ट्रम्पेट ऐकू येतात, ते याच माणसाचे. सीविंडच्या १९७६ च्या पहिल्या रेकॉर्डवर उघड विश्वासाची गाणी आहेत, आणि ती रेकॉर्ड जॅझ छापणाऱ्या कंपनीने काढली होती.

एमी ग्रँटचं नाव सगळीकडे येतं. तिने असं काय केलं?

जन्म १९६०, वाढली नॅशव्हिलमध्ये. पहिली रेकॉर्ड १९७७ मध्ये आली तेव्हा ती शाळेत होती. १९८२ च्या 'एज टू एज'ने इतिहास केला. एकट्या कलाकाराच्या ख्रिस्ती रेकॉर्डला प्लॅटिनम, म्हणजे अमेरिकेत दहा लाख प्रतींचा शिक्का, तोपर्यंत मिळालेला नव्हता. त्यातलं 'एल शडाय' हे मायकल कार्ड आणि जॉन थॉम्पसन यांचं गाणं हिब्रू शब्दांनी सुरू होतं, आणि तरी ते लोकांच्या ओठांवर बसलं.

माझ्या घरी ही रेकॉर्ड कॅसेटच्या रूपाने आली. आत्या मस्कतला नर्स होती, तिने आणली. ए बाजू इतकी वाजली की टेप ओढली गेली आणि एका गाण्यात एमीचा आवाज मध्येच खाली उतरायचा. मला ते गाणं आजही तसंच आठवतं, त्या उतारासकट.

१९८५ ला 'अनगार्डेड' आली. मुखपृष्ठावर बिबट्याच्या ठिपक्यांचं जाकीट, आणि गाणी सरळ पॉप रेडिओवर. ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये खळबळ उडाली. १९८६ मध्ये पीटर सेटेराबरोबरचं तिचं युगुलगीत अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं (निर्मिती पुन्हा ओमार्शियन यांची). १९९१ मध्ये 'बेबी बेबी' पहिल्या क्रमांकावर. 'जगाकडे गेली' असं म्हणणारे तेव्हाही होते. १९९९ मध्ये तिचा घटस्फोट झाला, तेव्हा काही ख्रिस्ती रेडिओ केंद्रांनी तिची गाणी लावणंच थांबवलं. ज्या बाईच्या आवाजात लोकांनी प्रार्थना केल्या, तिच्या कठीण काळात तो आवाज बंद करणं मला चुकीचं वाटलं, आजही वाटतं. २०२२ मध्ये तिला केनेडी सेंटरचा सन्मान मिळाला. सीसीएममधून हा मान मिळवणारी ती पहिलीच.

मायकल डब्ल्यू. स्मिथ?

एमीचा कीबोर्डवादक, नंतर स्वतः मोठा. १९८३ च्या पहिल्या रेकॉर्डमधलं 'फ्रेंड्स' निरोपसमारंभांत गायलं जातं. १९९१ ला 'प्लेस इन धिस वर्ल्ड' पॉपच्या यादीत सहाव्या क्रमांकापर्यंत गेलं. चाल बांधण्यात त्याचा हात धरणारे थोडेच.

मोठ्या बँडमधून इकडे आलेले कोणी आहेत का?

बरेच. 'अमेरिका' बँडचा डॅन पीक १९७७ मध्ये बाहेर पडला आणि त्यानंतर त्याने 'ऑल थिंग्ज आर पॉसिबल' काढली. जुन्या बँडचं सगळं ऊन त्यात आहे. 'बफेलो स्प्रिंगफील्ड' आणि 'पोको'चा रिची फ्युरे १९७६ मध्ये विश्वासाची रेकॉर्ड घेऊन आला आणि पुढे कोलोरॅडोत पाळक झाला. सांताना या बँडच्या 'बोर्बोलेटा' रेकॉर्डवर गाणारा लिऑन पटिलो १९७९ मध्ये 'डान्स चिल्ड्रन डान्स' घेऊन आला. बी. जे. थॉमसने १९७६ मध्ये 'होम व्हेअर आय बिलाँग' गायलं.

यातल्या प्रत्येकाची साक्ष वेगळी आहे, पण एक गोष्ट सारखी. त्यांनी आवाज बदलला नाही. ज्या गळ्याने आधी प्रेमगीतं गायली, त्याच गळ्याने पुढे गायले.

कॅथलिक कलाकार कोण?

वसई-गोव्याकडून हा प्रश्न हमखास येतो. जॉन मायकल टॅलबट ऐका. 'मेसन प्रॉफिट' या कंट्री-रॉक बँडमधून तो आला, कॅथलिक झाला आणि फ्रान्सिस्कन वाटेने आर्कान्सात आश्रम उभा केला. १९७९ च्या 'द लॉर्ड्स सपर'मध्ये मिस्साचेच भाग त्याने गिटारवर बांधले आहेत. सॉफ्ट रॉकपेक्षा लोकसंगीताकडे झुकणारं, पण शांतता तीच.

कीथ ग्रीनने रेकॉर्डी फुकट दिल्या, हे खरं का?

खरं आहे. ब्रुकलिनला १९५३ मध्ये जन्मलेला हा पियानोवादक लहानपणीच रेकॉर्ड कंपनीशी करारबद्ध झाला होता. पहिली ख्रिस्ती रेकॉर्ड १९७७ ची. निर्मितीत त्याच्याबरोबर बिल मॅक्सवेल. लोकप्रियता वाढत असताना त्याला तारणाचा संदेश विकणं पटेना. १९८० ची 'सो यू वाना गो बॅक टू इजिप्त' त्याने घर गहाण ठेवून काढली आणि ज्याला जे परवडेल ते द्यावं, नसेल तर तशीच न्यावी, असं जाहीर केलं. तिच्यावर एका गाण्यात माउथऑर्गन बॉब डिलनने वाजवला आहे.

२८ जुलै १९८२ ला टेक्सासमध्ये त्याचं छोटं विमान कोसळलं. विमानात बारा जण होते, त्यांत त्याची दोन लहान मुलं. ग्रीन अठ्ठावीस वर्षांचा होता. त्याचा पियानो मऊ म्हणता येणार नाही. तो पट्ट्यांवर जोर टाकून वाजवतो, शब्दही झोंबतात. तरी या यादीत त्याला ठेवतो, कारण तो नसता तर बाकीच्यांना 'आपण कशासाठी गातोय' हे विचारणारं कुणी नव्हतं.

या गाण्यांमधला 'तू' कोण? देव की प्रेमातलं माणूस?

माझ्या मते सगळ्या प्रश्नांचं मूळ हा प्रश्न आहे.

जुन्या इंग्रजी स्तोत्रांत देवासाठी 'दाऊ' आणि 'दी' अशी सर्वनामं असत. ती बोलण्यातून कधीच गेली होती, फक्त देवघरात उरली होती. जीझस मूव्हमेंटच्या मुलांनी ती सोडली आणि देवाला साधं 'यू' म्हटलं. म्हणजे प्रेयसीला म्हणायचा शब्द आणि देवाला म्हणायचा शब्द एकच झाला. इंग्रजीच्या कानाला तो धक्का होता. रेडिओवर गाणं लागलं तर ओळखूच येईना, हे कुणासाठी आहे.

१९७७ मध्ये डेबी बूनचं 'यू लाइट अप माय लाइफ' अमेरिकेत दहा आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. गाणं एका चित्रपटासाठी प्रेमगीत म्हणून लिहिलेलं. बूनने सांगितलं की गाताना तिच्या मनात देव होता. दोघांचंही खरं. उलट एमी ग्रँटचं 'बेबी बेबी' प्रेमगीत म्हणून गाजलं, आणि ते सुचलं होतं तिच्या काही आठवड्यांच्या लेकीकडे बघून.

मराठी माणसाला यात गोंधळण्यासारखं काय आहे? आपण विठ्ठलाला पहिल्यापासून अरे-तुरे करत आलो. नवऱ्याला 'अहो' म्हणणारी बाई देवाला 'तू' म्हणते, त्याच्याशी भांडते, त्याला आई म्हणते. या 'तू'मध्ये लाडही आहे आणि तक्रारही. म्हणून मी आमच्या मुलांना सांगतो, हा 'यू' मनात 'तू' म्हणून ऐका. तो नेमका त्याच जागी बसतो.

याचा मराठी ख्रिस्ती संगीताशी काही संबंध आहे का?

थेट नाही, आणि ओढूनताणून जोडू नये. पण जे काम कॅलिफोर्नियात १९७० नंतर झालं, ते आपल्याकडे खूप आधी झालेलं होतं. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटांनी गोव्यात मराठी ओवीत 'ख्रिस्तपुराण' लिहिलं. ते १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं, जवळपास ११ हजार ओव्या. रेव्हरंड ना. वा. टिळकांचा (१८६१–१९१९) बाप्तिस्मा १८९५ ला झाला. मिशनरींच्या परक्या चालींवर बेतलेली गीतं त्यांना कोरडी वाटली. त्यांनी अभंग, ओवी, भजन, कीर्तन घेतलं. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची भावना होती. आज आमच्या हातात असलेल्या 'उपासना संगीत' या गीतपुस्तकात त्यांची गीतं भरभरून आहेत.

लोक ज्या चालींवर जगतात, त्याच चालींवर प्रार्थना करावी, हे टिळकांना कळलं होतं. चक जिरार्डने रेडिओची चाल घेतली, टिळकांनी टाळ-मृदंगाची घेतली. सरावाला मी ही दोन्ही नावं एका दमात घेतो.

क्लिफ रिचर्ड भारतातले का?

जन्म लखनौचा, १४ ऑक्टोबर १९४०, मूळ नाव हॅरी वेब. लहानपण हावड्यात गेलं, कुटुंब १९४८ मध्ये इंग्लंडला गेलं. १९६६ मध्ये लंडनला बिली ग्रॅहम यांच्या सभेत त्यांनी आपला विश्वास जाहीर केला. ब्रिटनमधला या वळणाचा सगळ्यात मोठा आवाज तेच. १९७८ ची 'स्मॉल कॉर्नर्स' मिळाली तर ऐका. १९९९ मध्ये त्यांनी प्रभूची प्रार्थना 'ऑल्ड लँग साइन'च्या चालीवर गायली आणि ती ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली.

हे सगळं फार गोड, गुळगुळीत नाही का?

काही आहे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यानंतर डिजिटल कीबोर्ड आले, रोड्स मागे पडला, आणि अनेक रेकॉर्डी एकाच साच्यातून निघाल्यासारख्या झाल्या. शब्दही कधीकधी सोपे करून टाकले गेले. दुःख दुसऱ्या कडव्यात येतं आणि तिसऱ्यात संपतं. स्तोत्रसंहिता अशी नाही. तिथे अंधारात संपणारी स्तोत्रंही आहेत.

पण मृदू गाणं म्हणजे पोकळ गाणं, हे मला मान्य नाही. आमच्या मंडळीत एका काकांचं शेवटचं आजारपण चाललं होतं. त्यांना ढोल-झांज सहन होत नव्हती, मोठ्याने केलेली प्रार्थनाही नको वाटायची. त्यांच्या खोलीत आम्ही हीच गाणी अगदी बारीक आवाजात लावायचो. त्या खोलीत हेच संगीत जाऊ शकत होतं.

मी ख्रिस्ती नाही. ऐकू का?

जरूर. वाजवणं ऐकायला या, शब्द पटले तर पटले. फक्त गिटारसाठी यायचं असेल तर फिल कीगी. लहानपणी पाण्याच्या पंपात अपघात होऊन त्याच्या उजव्या हाताचं मधलं बोट अर्धं गेलं. १९७८ ची 'द मास्टर अँड द म्युझिशियन' शब्दांशिवायची आहे, आणि ती ऐकताना बोटांचा हिशेब लागत नाही.

इतकं चांगलं होतं तर आम्हाला माहीत कसं नाही?

विक्रीच्या वाटेमुळे. टेक्सासमधली 'वर्ड', तिचंच १९७२ चं 'मर' (Myrrh, म्हणजे गंधरस) हे लेबल, १९७६ ची 'स्पॅरो' या कंपन्यांच्या रेकॉर्डी मुख्यतः ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानांत विकल्या जात, बायबल आणि दिनदर्शिकांच्या शेजारी. रेकॉर्डच्या दुकानात जाणाऱ्याच्या नजरेला त्या पडल्याच नाहीत. ब्रूस हिबर्डची १९८० ची 'नेव्हर टर्निन बॅक' त्यामुळेच वर्षानुवर्षं मोजक्यांनाच ठाऊक होती. आता ती शोधणारे जगभर आहेत.

सुरुवात कुठून करू?

पहिल्यांदा ओमार्शियनची 'व्हाइट हॉर्स', मग क्राऊचची 'टेक मी बॅक', मग सीविंडची पहिली. त्यानंतर ब्रूस हिबर्ड, आणि 'स्वीट कंफर्ट बँड'. रिव्हरसाइडचा हा बँड ब्रायन डंकनच्या गळ्यासाठी ऐकायचा. एमीची 'एज टू एज' या सगळ्यांनंतर घ्या, म्हणजे ती कुठल्या वाटेने आली ते कळेल. फोनच्या स्पीकरवर बेस पोचत नाही, तेव्हा हेडफोन लावा. आवाज जरा कमीच ठेवा. गाणं संपताना ड्रम्स थांबतात, तिथे मागचे गाणारे एकेक करून श्वास सोडतात, तो ऐकू येतो.